सभागृहात खोटा आरोप झाला, तर दाद कोठे मागायची?

वाचकांचे प्रश्न

संसदेत किंवा विधिमंडळात एका सदस्याने दुसऱ्यावर खोटा आरोप केला तर त्याचे पुढे काय होते, हे विचारणारी पत्रे गेले काही आठवडे ठाणे आणि नवी मुंबईतून सातत्याने येत आहेत. त्यांतील काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे न देता केवळ ठिकाणे दिली आहेत.

प्रश्न (नौपाडा, ठाणे) : एका लोकप्रतिनिधीने सभागृहात दुसऱ्यावर कंत्राटदाराकडून पैसे घेतल्याचा आरोप केला आणि तो खोटा निघाला, तर आरोप झालेला सदस्य अब्रुनुकसानीचा दावा का लावत नाही? आम्ही असे बोललो तर आमच्यावर खटला होईल. मग त्यांना वेगळा न्याय का?

उत्तर : आपला राग रास्त आहे, परंतु ज्या तरतुदीमुळे हा दावा लागत नाही, ती आरोप करणाऱ्याची सोय पाहून केलेली नाही. संविधानाच्या अनुच्छेद १०५ च्या दुसऱ्या खंडानुसार संसदेत किंवा तिच्या समितीत सदस्य जे बोलला किंवा त्याने जे मत दिले, त्याबद्दल त्याच्यावर कोणत्याही न्यायालयात कार्यवाही करता येत नाही. राज्य विधिमंडळांच्या सदस्यांना हेच संरक्षण अनुच्छेद १९४ ने दिले आहे. १९६९ साली पुरीच्या शंकराचार्यांविषयी लोकसभेत काही सदस्यांनी जे उद्गार काढले, त्याबद्दल शंकराचार्यांच्या अनुयायांनी नुकसानभरपाईचा दावा लावला होता. तेज किरण जैन विरुद्ध एन. संजीव रेड्डी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये स्पष्ट केले की, कामकाज चालू असताना सभागृहात जे बोलले गेले त्या सगळ्यालाच हे संरक्षण आहे आणि भाषण योग्य होते की अयोग्य, हे न्यायालय तपासणार नाही.

हे संरक्षण कशासाठी हवे, ते मुंद्रा प्रकरणावरून समजते. फिरोज गांधी हे सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते. नुकत्याच स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाचे सुमारे सव्वा कोटी रुपये हरिदास मुंद्रा यांच्या कंपन्यांच्या समभागांत कसे गुंतवले गेले, हा प्रश्न त्यांनी डिसेंबर १९५७ मध्ये लोकसभेत मांडला. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांच्या आयोगाने उघडपणे सुनावणी घेतली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना पद सोडावे लागले. भाषणाच्या दुसऱ्या दिवशी एखाद्या धनाढ्य उद्योगपतीच्या वकिलाची नोटीस येईल, ही धास्ती खासदाराच्या मनात असती, तर तो पैसा कोठे गेला हे विमेदारांना कधी कळलेही नसते. हे संरक्षण खऱ्या आरोपासाठी आहे. खोटा आरोप त्याच्या आडोशाला उभा राहतो, ही त्याची किंमत आहे, आणि ती किंमत कमीत कमी ठेवण्याची जबाबदारी न्यायालयाची नसून सभागृहाची आहे.

संरक्षणाच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. ‘हिंमत असेल तर सभागृहाबाहेर येऊन बोला’ हे आव्हान आपण नेहमी ऐकतो आणि त्याला कायदेशीर अर्थ आहे. तोच आरोप पत्रकार परिषदेत किंवा जाहीर सभेत केला की भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ त्या सदस्याला तुमच्याआमच्यासारखेच लागू होते. पश्चिम बंगालच्या एका आमदाराने, अध्यक्षांनी नाकारलेले आपले प्रश्न स्थानिक नियतकालिकात छापले होते. त्या छपाईला सदस्यत्वाचे संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ठरवले. शिवाय सभागृहात विशिष्ट प्रकारे बोलण्यासाठी किंवा मत देण्यासाठी लाच घेतली असेल, तर त्या लाचेलाही संरक्षण नाही. ४ मार्च २०२४ रोजी सीता सोरेन प्रकरणात सात न्यायाधीशांच्या पीठाने १९९८ चा जुना निर्णय बाजूला सारून हे निःसंदिग्ध केले. पैसे घेऊन दुसऱ्याची बदनामी करणाऱ्या सदस्याला यापुढे अनुच्छेदाचा आधार मिळणार नाही.

प्रश्न (वाशी, नवी मुंबई) : मी विधी शाखेचा विद्यार्थी आहे. न्यायालयाचा मार्ग बंद असेल, तर ज्याच्यावर खोटा आरोप झाला त्या सदस्याने सभागृहातच कोणत्या क्रमाने दाद मागावी? हक्कभंगाच्या इतक्या नोटिसा दिल्या जातात, पण त्यांतून निष्पन्न काहीच होताना दिसत नाही, असे का?

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नात पहिल्याचे उत्तर दडले आहे. निष्पन्न होत नाही, कारण तक्रार बहुतेक वेळा चुकीच्या दाराशी नेली जाते.

आरोप होण्यापूर्वीच त्याला अटकाव करणारे नियम आहेत. लोकसभेच्या नियम ३५२ नुसार बोलताना दुसऱ्या सदस्याच्या हेतूंवर किंवा प्रामाणिकपणावर व्यक्तिगत आरोप करता येत नाही. नियम ३५३ तर अधिक नेमका आहे. कोणत्याही व्यक्तीवर बदनामीकारक किंवा गुन्ह्याचे स्वरूप असलेला आरोप करायचा असेल, तर सदस्याने अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्यांना पुरेशी पूर्वसूचना दिली पाहिजे, म्हणजे मंत्र्यांना चौकशी करून उत्तर देता येईल. आरोप सभागृहाच्या प्रतिष्ठेला बाधक आहे किंवा त्यातून कोणतेही लोकहित साधत नाही, असे वाटल्यास अध्यक्ष तो मध्येच थांबवू शकतात. आपल्या विधिमंडळात हीच पूर्वसूचना ‘३५ ची नोटीस’ म्हणून परिचित आहे आणि अधिवेशनाचे थेट प्रक्षेपण पाहणाऱ्यांच्या कानावर ते शब्द हमखास पडतात. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतील सर्वांत मोलाचा आणि सर्वाधिक दुर्लक्षिलेला नियम हाच आहे, कारण नोटीस देणाऱ्याला बोलण्यापूर्वी आपले कागद एकदा तरी चाळावे लागतात.

आरोप होऊन गेला असेल, तर त्याच क्षणी हरकतीचा मुद्दा मांडता येतो. नियम ३८० नुसार बदनामीकारक, असभ्य, असंसदीय किंवा अशोभनीय शब्द कामकाजातून वगळण्याचा अधिकार अध्यक्षांना आहे. त्यानंतर, सभागृहापुढे तो विषय नसला तरीही, ज्याच्यावर आरोप झाला तो सदस्य नियम ३५७ नुसार अध्यक्षांच्या परवानगीने वैयक्तिक खुलासा करू शकतो. त्यात नवा वादाचा मुद्दा काढता येत नाही, एवढेच बंधन आहे. हे बंधन सदस्यांना जाचक वाटते, पण माझ्या मते ते फार उपकारक आहे. संयमी, कागदाला धरून केलेला आणि प्रत्यारोप नसलेला खुलासाच वृत्तांत वाचणाऱ्याला पटतो.

आता त्या दाराकडे येऊ, जे उघडे असूनही फार थोडे लोक ठोठावतात. लोकसभा अध्यक्षांच्या निदेशांपैकी ११५ व्या निदेशानुसार, मंत्र्याच्या किंवा अन्य सदस्याच्या निवेदनात चूक किंवा विसंगती आढळल्यास सदस्याने तो विषय सभागृहात काढण्याआधी अध्यक्षांना लेखी कळवावे, चूक नेमकी कोणती ते तपशिलाने सांगावे आणि जवळ असलेला पुरावा जोडावा. अध्यक्ष ते पत्र संबंधित मंत्र्याकडे किंवा सदस्याकडे पाठवून वस्तुस्थिती मागवू शकतात आणि त्यानंतर तक्रारदाराला सभागृहात निवेदन करण्याची परवानगी देऊ शकतात. या मार्गात कोणालाही खोटारडा म्हणावे लागत नाही. अमुक तारखेला अमुक सदस्याने सांगितलेली रक्कम, दिनांक किंवा नाव चुकीचे आहे आणि हा त्याचा कागद, एवढेच सांगायचे असते. ज्याला आपले नाव स्वच्छ करून घ्यायचे आहे, त्याला याहून अधिक काय हवे?

हक्कभंगाचे तसे नाही. नियम २२२ पासून सुरू होणाऱ्या या प्रकरणात बाब अलीकडे घडलेली आणि विशिष्ट असावी लागते, तिच्यात सभागृहाने हस्तक्षेप करणे आवश्यक असावे लागते आणि आधी अध्यक्षांची संमती मिळवावी लागते. कोणी हरकत घेतली तर किमान २५ सदस्यांना पाठिंब्यासाठी उभे राहावे लागते. हे अडथळे पार झाले तरी खरी अडचण पुराव्याची असते. सदस्याचे विधान चुकीचे होते, एवढ्याने हक्कभंग होत नाही, हा संसदीय परंपरेतील पक्का दंडक आहे. ते विधान असत्य होते, बोलताना सदस्याला ते असत्य असल्याचे ठाऊक होते आणि सभागृहाची दिशाभूल करण्याच्या हेतूनेच त्याने ते केले, या तिन्ही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. ‘मला मिळालेल्या माहितीच्या आधारे मी बोललो’ असे उत्तर आले की दुसरी आणि तिसरी गोष्ट सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे नोटीस दिल्याची बातमी पहिल्या पानावर येते, ती फेटाळली गेल्याची किंवा विचाराधीन राहिल्याची बातमी येतच नाही, आणि मूळ आरोप खरा की खोटा हे मात्र कोणीच सांगत नाही. २० जुलै २०१८ रोजी लोकसभेत अविश्वास ठरावावर झालेल्या चर्चेत राफेल विमानखरेदीवरून आरोप-प्रत्यारोप झाले. त्यानंतर सत्ताधारी सदस्यांनी राहुल गांधी यांच्याविरुद्ध आणि काँग्रेसने पंतप्रधान नरेंद्र मोदी व तत्कालीन संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांच्याविरुद्ध हक्कभंगाच्या नोटिसा दिल्या. दोन्ही बाजूंची तक्रार एकच होती, की समोरच्याने सभागृहाची दिशाभूल केली. अशा वेळी हक्कभंगाची नोटीस हे न्याय मागण्याचे साधन न राहता वादाचेच पुढचे पाऊल ठरते.

म्हणून माझा आग्रह असा आहे की, आधी चूक दुरुस्त करून घ्यावी आणि लबाडीचा प्रश्न त्यानंतर उपस्थित करावा. लेखी पुरावा समोर ठेवल्यानंतरही सदस्याने तोच आरोप पुन्हा केला, तर त्याला ते असत्य असल्याचे ठाऊक होते हे सिद्ध करायला वेगळा पुरावा लागत नाही, आणि तेव्हा हक्कभंगाची तक्रार भक्कम पायावर उभी राहते.

तक्रार पुढे गेली तर लोकसभेची १५ सदस्यांची किंवा राज्यसभेची १० सदस्यांची विशेषाधिकार समिती चौकशी करते. सदस्यांच्या वर्तनाच्या तक्रारींसाठी नीतिपालन समित्याही आहेत. राज्यसभेने ती १९९७ मध्ये आणि लोकसभेने २००० मध्ये प्रथम नेमली. शिक्षा समज देण्यापासून निलंबनापर्यंत आणि अत्यंत गंभीर बाबीत सदस्यत्व काढून घेण्यापर्यंत असू शकते, पण तीही प्रमाणात असावी लागते. जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्र विधानसभेने १२ आमदारांना एका वर्षासाठी निलंबित केले होते. त्याचे कारण वेगळे, म्हणजे पीठासीन अधिकाऱ्याशी गैरवर्तन हे होते. परंतु चालू अधिवेशनाच्या पलीकडे जाणारे ते निलंबन सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले, कारण त्यामुळे त्या मतदारसंघांना वर्षभर प्रतिनिधीच उरला नसता.

चौकशी लांबतेच, असे मात्र मानू नये. मुंबईच्या सराफ बाजाराशी संबंधित संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिची बाजू मांडल्याचा आरोप एच. जी. मुद्गल या सदस्यावर झाला, तेव्हा पंतप्रधान नेहरूंनी स्वतः जून १९५१ मध्ये चौकशी समितीचा प्रस्ताव मांडला. समितीने मुद्गल यांना बाजू मांडण्याची संधी दिली, आरोप सिद्ध झाल्याचा अहवाल दिला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात प्रकरण निकाली निघाले. त्या समितीचे अध्यक्ष होते तेच टी. टी. कृष्णमाचारी, ज्यांना पुढे मुंद्रा प्रकरणात पद सोडावे लागले. आरोप खरा ठरला म्हणून हे उदाहरण कमी उपयोगाचे नाही. तो खोटा असता, तरी मुद्गल यांचे नाव चार महिन्यांच्या आत स्वच्छ झाले असते. निर्दोष सदस्याला शिक्षेपेक्षा अधिक गरज असते ती या वेगाची.

प्रश्न (ऐरोली, नवी मुंबई) : अध्यक्षांनी वगळलेले शब्द तासाभरात सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत असतात. मग वगळण्याला अर्थ काय राहिला?

उत्तर : कायद्याने अर्थ आहे, व्यवहारात तो बराच उणावला आहे. वगळलेल्या मजकुराच्या जागी छापील वृत्तांतात फुल्या असतात आणि तो अध्यक्षांच्या आदेशाने वगळल्याची तळटीप असते. असा मजकूर प्रसिद्ध करणे किती गंभीर ठरू शकते, हे पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ या दैनिकाच्या प्रकरणात दिसले. मे १९५७ मध्ये बिहार विधानसभेतील एका भाषणाचा वगळलेला भागही या दैनिकाने छापला, संपादकांना विशेषाधिकार समितीची नोटीस आली आणि सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सभागृहाचा विशेषाधिकार मान्य केला. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ३६१क ने कामकाजाचा बव्हंशी खरा वृत्तांत द्वेषबुद्धीशिवाय देणाऱ्यांना संरक्षण दिले. त्यामागे फिरोज गांधी यांच्याच पुढाकाराने झालेला १९५६ चा कायदा होता, जो आणीबाणीत रद्द झाला आणि १९७७ मध्ये पुन्हा आणावा लागला. वगळलेला मजकूर हा मुळात वृत्तांताचा भागच राहत नसल्यामुळे त्याला हे संरक्षण सांगणे कठीण आहे.

परंतु थेट प्रक्षेपणाच्या काळात शब्द आधी घरोघरी पोहोचतात आणि आदेश नंतर निघतो. त्यामुळे केवळ वगळण्यावर विसंबून राहणे आरोप झालेल्या सदस्याच्या दृष्टीनेही हिताचे नाही. कागदावर फुल्या राहतात, लोकांच्या स्मरणात आरोप राहतो आणि त्याचे उत्तर कोठेच राहत नाही. याऐवजी, ज्या दिवशीच्या वृत्तांतात आरोप आहे, त्याच पानावर, त्याच परिच्छेदाखाली, नंतरच्या खुलाशाची किंवा दुरुस्तीची तारीख आणि पृष्ठ नोंदवावे, असे मला मनापासून वाटते. आज दुरुस्ती झाली तरी ती तिच्या तारखेच्या वृत्तांतात असते आणि जुने पान उघडणाऱ्याला ती शोधत बसावे लागते. वृत्तांत आता संकेतस्थळावर असल्यामुळे अशी नोंद जोडण्यात तांत्रिक अडचणही फारशी नाही. पन्नास वर्षांनी एखादा संशोधक ते पान वाचेल, तेव्हा त्याला आरोप आणि त्याचे खंडन एकत्र मिळाले पाहिजे.

प्रश्न (नेरूळ, नवी मुंबई) : ज्याच्यावर आरोप झाला तो सदस्य नसून अधिकारी किंवा सामान्य नागरिक असेल, तर?

उत्तर : त्याची स्थिती अधिक बिकट आहे, कारण त्याला सभागृहात उभे राहून खुलासा करता येत नाही. नियम ३५३ मधील पूर्वसूचना सदस्य नसलेल्या व्यक्तींनाही लागू आहे आणि अधिकाऱ्याच्या बाबतीत उत्तर देण्याचे कर्तव्य त्याच्या मंत्र्यांचे असते. नागरिक अध्यक्षांना किंवा सभापतींना लेखी विनंती करू शकतो, किंवा दुसऱ्या सदस्यामार्फत खरी माहिती सभागृहापुढे आणू शकतो. ऑस्ट्रेलियाच्या सिनेटने १९८८ पासून अशा नागरिकाला आपले उत्तर सादर करण्याचा हक्क दिला आहे. ते उत्तर समितीकडून तपासले जाते आणि मान्य झाल्यास अधिकृत कामकाजात समाविष्ट होते. आरोप खरा की खोटा याचा निवाडा ती समिती करत नाही. आपल्या विधिमंडळानेही ही पद्धत विनाविलंब स्वीकारावी, अशी माझी ठाम मागणी आहे.

प्रश्न (कळवा, ठाणे) : मतदार म्हणून आम्ही यात काय करू शकतो?

उत्तर : आपल्या खासदाराला आणि आमदाराला लेखी विचारा, की गेल्या वर्षी आपण कोणावर कोणते आरोप केले, पूर्वसूचना दिली होती काय, आपल्याविरुद्ध किती तक्रारी झाल्या आणि त्यांचे काय झाले. ठाण्याचे खासदार राहिलेले रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा अहवाल मतदारांपुढे ठेवण्याबद्दल ओळखले जात. तशा अहवालात विचारलेल्या प्रश्नांची संख्या असते, तसे केलेल्या आरोपांचे फलितही असावे.

प्रश्न (कोपरी, ठाणे) : महापालिकेच्या महासभेत नगरसेवकांना हेच संरक्षण असते काय? आणि आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत?

उत्तर : नाही. अनुच्छेद १०५ आणि १९४ हे संसद आणि राज्य विधिमंडळ यांच्यापुरतेच आहेत. ठाणे असो वा नवी मुंबई, महापालिकेच्या सभेत नगरसेवकाने केलेल्या खोट्या आरोपावर अब्रुनुकसानीची कार्यवाही होऊ शकते. आपण सद्भावनेने आणि लोकहितासाठी बोललो, हा कोणाही नागरिकाला उपलब्ध असलेला बचाव त्यालाही घेता येतो, पण तो न्यायालयात सिद्ध करावा लागतो. सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेलाही हेच लागू आहे. तेथे आपल्यावर निधीच्या अपहाराचा खोटा आरोप झाला असेल, तर आपले उत्तर त्याच सभेच्या इतिवृत्तात नोंदवण्याची लेखी मागणी सचिवांकडे लगेच करावी, सोबत हिशेबाच्या प्रती जोडाव्यात आणि पत्राची पोच घ्यावी. इतिवृत्त कायम करण्याचा विषय पुढील सभेत येईल, तेव्हा ती नोंद झाली आहे की नाही हे स्वतः हजर राहून तपासावे आणि झाली नसल्यास मंजुरीपूर्वीच हरकत नोंदवावी.